पात्याची इजा आणि बेअरिंगवरचं कंपन: प्रकल्पाच्या नोंदी

३ जून

चाचणीची रिग अखेर उभी राहिली. दोन बेअरिंगांवर शाफ्ट, शाफ्टच्या एका टोकाला बाहेर लटकणारा हब, हबवर आठ पाती. पाती साध्या सपाट स्टीलच्या पट्टीची आहेत: २ मिमी जाड, ३० मिमी रुंद, क्लॅम्पच्या बाहेर १०० मिमी लांब. टोकाची त्रिज्या १५० मिमी. फिरण्याच्या प्रतलाशी प्रत्येक पातं ३० अंशांत बसवलंय. खऱ्या टर्बाइनच्या पात्याला पीळ असतो, ते टोकाकडे निमुळतं होतं, मुळाशी खाचेत बसणारा घाट असतो. इथे त्यातलं काहीच नाही आणि ते मुद्दाम. सपाट पट्टीचं गणित कागदावर करता येतं, म्हणजे मोजलेला आकडा चुकला तर निदान कळेल तरी.

प्रश्न असा: पात्याला इजा झाली की बेअरिंगवरच्या कंपनात काय बदलतं, आणि त्या बदलावरून इजा कुठली ते ओळखता येतं का? इजेचे तीन प्रकार घेतलेत. टोक तुटणं, पातं पिळलं जाणं, मुळाशी चीर पडणं. मॅडम म्हणाल्या, "तिन्हींसाठी एकाच आकड्याकडे बघत बसू नकोस." मी मान डोलावली आणि वहीत एकाच आकड्याचा रकाना आखला: बेअरिंगवरच्या कंपनाचा वेग, मिमी प्रति सेकंद, आरएमएस (एक प्रकारची सरासरी).

गार्ड म्हणजे ३ मिमी पत्र्याचा ड्रम. ४७ ग्रॅमचं अख्खं पातं मुळापासून सुटलं तर १५०० आरपीएमला त्याच्यात साधारण ६ ज्यूल ऊर्जा असेल, ३००० ला त्याच्या चौपट. म्हणून कमाल वेग १६०० वर बांधून टाकला. वर्कशॉपमधले काका आले, गार्डचे बोल्ट स्वतः एकदा ओढून बघितले, दोन सैल निघाले. माझ्याकडे नुसतं बघून निघून गेले.

६ जून

प्रत्येक पात्याची नैसर्गिक वारंवारता मोजायची होती. एका टोकाला घट्ट धरलेल्या पट्टीचं सूत्र १६३ हर्ट्झ देतं. पहिल्या पात्याच्या टोकावर अ‍ॅक्सेलरोमीटर मेणाने चिकटवला, प्लास्टिकच्या हातोडीने टिचकी मारली, १२७ आले. दुसऱ्यालाही तसंच. अर्धा दिवस क्लॅम्प घट्ट करण्यात घालवला.

दोष सेन्सरचा होता, म्हणजे खरं तर माझा. सेन्सर ५ ग्रॅमचा. पातं ४७ ग्रॅमचं असलं तरी पहिल्या मोडमध्ये (सगळ्यात साध्या कंपनात) टोकाच्या हिशेबाने त्याचं जेमतेम पाव वस्तुमान हलतं, ११-१२ ग्रॅम. त्यावर ५ ग्रॅमचं ओझं ठेवलं तर वारंवारता सहा भागांत एक भाग उतरणारच. सेन्सर काढला, टोकापासून दोन बोटांवर मायक्रोफोन धरला आणि टिचकीचा आवाज नोंदवला. १५२. सूत्राशी राहिलेला फरक क्लॅम्पचा, कारण कुठलाच क्लॅम्प सूत्रातल्यासारखा अचल नसतो.

बाकीची पाती १५० ते १५४ मध्ये बसली. फक्त तीन नंबरचं १४१ वर अडून राहिलं. उघडलं तर क्लॅम्पखाली रंगाचा थर. घासून काढला, आठही बोल्ट टॉर्क रेंचने सारखे ओढले, तीन नंबरही १५२ वर आलं. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी: मुळाशी सैल बसलेलं पातं आणि मुळाशी चिरलेलं पातं, दोघांचीही वारंवारता उतरते. आधी बोल्ट बघायचा, मग चिरेचा संशय घ्यायचा.

९ जून

बॅलन्सिंग. शाफ्टवर चमकती पट्टी चिकटवून ऑप्टिकल टॅकोमीटर लावला, म्हणजे १एक्स कंपनाचा फेजही मिळतो, फेरीत ते कुठल्या कोनात होतं ते. १एक्स म्हणजे फेरीला एकदा होणारं कंपन. १५०० आरपीएमला २५ हर्ट्झ. आठ पात्यांचं पाते-वारंवारतेचं शिखर त्याच्या आठपट, २०० हर्ट्झला.

हबवर ६० मिमी त्रिज्येला २ ग्रॅमचं चाचणी वजन लावलं, म्हणजे १२० ग्रॅम-मिमी. त्याने १एक्सचा वेक्टर (आकडा आणि कोन मिळून) ०.८५ मिमी/से. इतका सरकला. त्यावरून या रिगचा भाव निघाला: दर ग्रॅम-मिमी असंतुलनाला साधारण ०.००७ मिमी/से. पुढच्या सगळ्या हिशेबांचा पाया हा आकडा आहे. वजनं लावून १एक्स ०.४ वर आणला आणि तिथेच थांबलो.

तुलनेसाठी: बॅलन्सिंगच्या आयएसओ २१९४०-११ या मानकातली जी ६.३ ही प्रत साध्या पंख्यांना लावतात. १५०० आरपीएमला ती ४० मायक्रोमीटर विकेंद्रता चालवून घेते. रोटर २.४ किलोचा, म्हणजे मुभा ९६ ग्रॅम-मिमीची.

१० जून

आज फसलो. निरोगी रोटरच्या स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे कुठल्या वारंवारतेला किती कंपन त्याच्या आलेखात, ५० हर्ट्झला ठळक रेघ. १५०० आरपीएमला ५० म्हणजे २एक्स, आणि २एक्स म्हटलं की पुस्तकांत शाफ्टची चीर, कपलिंगची चुकलेली रेषा, असलं काय काय येतं. कपलिंग सोडून पुन्हा जुळवलं, तासभर गेला, रेघ तशीच.

मग वेग १३८० वर आणला. २एक्स आता ४६ ला सरकायला हवा होता. रेघ ५० वरच ठाण मांडून. म्हणजे ती यंत्राची नव्हे, वीजपुरवठ्याची. सेन्सरच्या केबलचं शील्ड दोन्ही टोकांना अर्थ झालं होतं. सेन्सरखाली अवाहक चकती घातली आणि रेघ गेली. पुढे प्रत्येक चाचणी किमान दोन वेगांना घ्यायची: जी रेघ वेगाबरोबर सरकत नाही तिला रोटरचं म्हणायचं नाही.

१४ जून

पहिली इजा. एक नंबरच्या पात्याचा टोकाचा कोपरा कापला, दोन्ही कडांना १० मिमी मोजून. पाऊण ग्रॅमपेक्षा किंचित जास्त स्टील गेलं. एवढासा तुकडा चिमटीत धरला तर खरंच वाटत नाही, पण तो १४७ मिमी त्रिज्येवर होता: ११५ ग्रॅम-मिमी. म्हणजे जी ६.३ ची मुभा एका कोपऱ्यातच ओलांडली. १५०० ला त्याचं बळ २.८ न्यूटन. बेअरिंगवर ०.९ मिमी/से.

मग ते पातं बदलून नवं लावलं, निरोगी रोटरचं कंपन पुन्हा मोजलं, आणि टोकाची ५ मिमीची पूर्ण पट्टी कापली. २.३६ ग्रॅम, ३४८ ग्रॅम-मिमी. बेअरिंगवर २.३. नुसता आकडा घेऊन चालत नाही, निरोगी रोटरचा वेक्टर वजा करावा लागतो. वजाबाकीनंतर २.४ आले, हिशेब २.५ म्हणत होता. इतकं जुळल्यावर मनाला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

फेजनेही नीट दिशा दाखवली. जड बाजू पाच नंबरच्या पात्याकडे, म्हणजे एक नंबरच्या अगदी समोर. एकाचं वजन गेलं की समोरचं जड ठरतं.

आणि टिचकी मारल्यावर एक नंबर १५२ ऐवजी १६८ ला वाजला. माझी समजूत होती की इजा म्हणजे वारंवारता उतरणार. टोक गेलं की उलट होतं. ताठपणा मुळाशी असतो, तो शाबूत. हलणारं वजन टोकाशी असतं, ते कमी झालं. पट्टीची वारंवारता लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात, १०० ची ९५ झाली की ११ टक्के वर. गणित आणि कान दोघांचंही एकमत.

१५ जून

तोच कापलेला रोटर वेगवेगळ्या वेगांना. ९०० ला वाढ ०.३५, १२०० ला १.०, १५०० ला २.४. असंतुलनाचं बळ वेगाच्या वर्गाने वाढतं, पण आपण मोजतो कंपनाचा वेग, त्यात वारंवारतेने एक गुणाकार आणखी येतो, म्हणून अपेक्षा घनाची होती: ९०० वरून १५०० ला साडेचारपटीच्या आसपास. मिळाली जवळजवळ सातपट. बाकीची वाढ रिगच्या पायाची. त्याला आडव्या दिशेत टिचकी मारली तर ३८ हर्ट्झला अनुनाद सापडतो (तिथे थोड्या बळाने खूप कंपन होतं), आणि २५ हर्ट्झला आपण त्याच्या पायऱ्या चढायला लागलेलो असतो.

म्हणजे तीच इजा, तेच पातं, पण आकडा पायाच्या मर्जीवर. दुसऱ्या पायावर हाच रोटर १.२ दाखवेल किंवा ५. "इतके मिमी/से. म्हणजे इतकी इजा" असं कोष्टक करायचा माझा बेत होता. खोडला.

१९ जून

मॅडमनी सुचवलेली चाचणी, आणि आतापर्यंतची सगळ्यात अस्वस्थ करणारी. एक नंबर कापलेलं होतंच. त्याच्या समोरचं पाच नंबरही ५ मिमी कापलं.

बेअरिंग: ०.५.

इजा दुप्पट, कंपन निरोगी रोटरइतकं. दोन ३४८ एकमेकांना खाऊन टाकतात. कंट्रोल रूममध्ये बसलेल्या माणसाला काल २.३ दिसत होते आणि आज ०.५, तो समाधानाने मान हलवेल. फक्त मायक्रोफोनला गडबड कळली: २०० हर्ट्झच्या शिखराच्या दोन्ही अंगांना १५० आणि २५० ला छोटी शिखरं उगवली होती. फेरीत दोनदा आखूड पातं समोरून जातं, त्याची ती खूण.

याचाच भाऊबंद दुसरा प्रयोग: पाच नंबर नवं लावलं, एक नंबर कापलेलं ठेवलं, आणि हबवर एक नंबरच्या बाजूला ५.८ ग्रॅम लावले. १एक्स पुन्हा ०.५. रोटर बॅलन्स झाला, पात्याला काय झालंय ते वहीतून पुसलं गेलं. कंपन वाढलं की आधी बॅलन्सिंग करून टाकायचं, ही सवय किती महाग पडू शकते ते कागदावर आधी कधी इतकं स्पष्ट दिसलं नव्हतं. निदान बॅलन्सिंगच्या आधीचा वेक्टर जपून ठेवावा. किती वजन कुठल्या कोनात लागलं, हीच इजेची नोंद असते.

२३ जून

पिळलेलं पातं. सात नंबरचं टोक पान्याने पिळलं, टोकाचा कोन ३० वरून सुमारे ४० अंश. वजन कुठेच गेलं नाही, त्रिज्याही बदलली नाही. त्यामुळे बेअरिंगवर आडव्या दिशेत ०.४ चे ०.६, बस्स. अक्षाच्या दिशेत मात्र ०.३ चे ०.९. कारण सरळ आहे: हे पातं हवेला बाकीच्यांपेक्षा जास्त ढकलतं, तो जास्तीचा धक्का फेरीबरोबर फिरतो आणि हबला डुलवतो.

मायक्रोफोनला २०० च्या बाजूला १७५ आणि २२५.

२४ जून

वजनाचं असंतुलन आणि हवेचं असंतुलन, दोन्ही १एक्सलाच येतात आणि दोन्हींचं बळ वेगाच्या वर्गाने वाढतं. वेग बदलून ती वेगळी करता येत नाहीत. मग हवाच बदलली. रोटरमध्ये हवा शिरते त्या तोंडासमोर पुठ्ठा धरून निम्मी वाट अडवली. पिळलेल्या पात्याचा अक्षीय १एक्स ०.९ वरून ०.५ वर आला. कापलेल्या पात्याचा रोटर चढवून तेच केलं: २.३ चे २.३. पुठ्ठ्याला वजनाचं काही देणंघेणं नाही. एवढ्या स्वस्त उपकरणाने एवढं स्वच्छ उत्तर या प्रकल्पात दुसरं मिळालेलं नाही.

२८ जून

चीर. सगळी पाती नवी, आठही १५० ते १५४. तीन नंबरच्या मुळाशी, क्लॅम्पला अगदी लागून, हॅक्सॉने पूर्ण रुंदीभर ०.५ मिमी खोल खाच. जाडीचा पाव भाग. करवतीची खाच म्हणजे चीर नव्हे हे मान्य. चिरेचं टोक धारदार असतं, ती उघडते-मिटते. पण सुरुवात म्हणून ठीक.

बेअरिंगवर आडव्या दिशेत काही नाही. अक्षीय काही नाही. २एक्स नाही, ३एक्स नाही. १एक्स ०.४ आणि ०.५ च्या मध्ये, म्हणजे रोजच्या चढउतारात. असायलाही नको काही: खाचेतून निघालेला भुसा ग्रॅमच्या आठव्या भागाहून कमी, तोही ५० मिमी त्रिज्येवरचा.

टिचकी: १५२ चे १४८.

तीन इजांमधली जी पातं मुळासकट उडवू शकते, तीच बेअरिंगवर मुकी. १७ एप्रिल २०१८ ला साउथवेस्ट एअरलाइन्सच्या उड्डाण क्रमांक १३८० मध्ये सीएफएम५६-७बी इंजिनाचं फॅनचं एक पातं मुळाशी वाढलेल्या फटीगच्या (पुन्हा पुन्हा येणाऱ्या ताणाच्या) चिरेने तुटलं, एका प्रवाशाचा जीव गेला. त्यानंतर त्या जातीच्या इंजिनांची पाती अल्ट्रासोनिकने तपासायचे तातडीचे आदेश निघाले. पात्याजवळ जाऊनच बघायचं, असा त्या आदेशांचा अर्थ. आज ०.४ आणि ०.५ मधला फरक शोधताना ते चांगलं पटलं.

२ जुलै

पात्याजवळ जायचं, पण फिरत असताना. टोकाच्या येण्याची वेळ मोजण्याची रीत मोठ्या टर्बाइनांवर वापरतात, तिची गरीब आवृत्ती केली. गार्डमध्ये ऑप्टिकल प्रोब बसवला. पातं समोरून गेलं की पल्स. थरथरणारं पातं ठरलेल्या वेळेच्या थोडं आधी किंवा नंतर येतं. १५०० ला टोकाचा वेग २३.६ मी./से., म्हणजे १ मिमी सरकलं की ४२ मायक्रोसेकंद. टायमरचं एक टिक ०.०६ मायक्रोसेकंद, तिथे अडचण नाही. अडचण मोटरच्या वेगात: ४० मिलिसेकंदांच्या फेरीत हजारात एकाची चलबिचल झाली तरी ४० मायक्रोसेकंद गेले. दोनशे फेऱ्यांची सरासरी घेतल्यावर रेघ शांत झाली.

आणखी एक पेच. पात्याचं कंपन फेरीच्या नेमक्या पटीत असेल तर प्रत्येक फेरीत ते प्रोबसमोर त्याच अवस्थेत येतं, आणि कंपन दिसण्याऐवजी पातं नुसतं वाकडं बसलंय असं दिसतं. मी एकाच प्रोबवर दोन दिवस काढले. मॅडमनी वहीत बघून विचारलं, "कितव्या ऑर्डरला बघतोयस? सहाव्या? मग दुसरा प्रोब पंधरा अंशांवर लाव." सहा गुणिले पंधरा, नव्वद. एक प्रोब साइन देतो, दुसरा कोसाइन. वर्गांची बेरीज, वर्गमूळ, आयाम (पातं किती हलतं ते) हातात. माझ्या डोक्यात हे यायला हवं होतं.

सहावी ऑर्डर, म्हणजे फेरीला सहा वेळा होणारं कंपन, का, तर आता पात्यांच्या समोर सहा रुंद पट्ट्या समान अंतरावर लावल्यात. प्रत्येक पट्टीमागे हवेची सावली पडते आणि पातं फेरीत सहा वेळा त्या सावलीतून जातं.

५ जुलै

कॅम्पबेल आलेख काढला. विल्फ्रेड कॅम्पबेल यांनी १९२४ मध्ये, जनरल इलेक्ट्रिकमध्ये स्टीम टर्बाइनच्या चकत्यांच्या कंपनावर काम करताना मांडलेली पद्धत. आडव्या अक्षावर फेरीचा वेग, उभ्यावर वारंवारता. पात्याची रेघ जवळजवळ आडवी, ऑर्डरच्या रेघा तिरप्या, छेदतात तिथे अनुनाद. पात्याची रेघ पूर्ण आडवी नसते. फिरताना केंद्रोत्सारी ताण पात्याला ताठ करतो. साउथवेलचं सूत्र वापरलं तर स्थिर असताना १५२ चं पातं १५०० ला १५५-१५६ होतं.

आलेखावरून: निरोगी पातं सहाव्या ऑर्डरला १५६० आरपीएमच्या आसपास भेटतं. खाच पडलेलं १४८ चं पातं १५२० ला.

मग मोजणी. १३८० पासून १० आरपीएमच्या पायरीने वर, शिखर जवळ आलं की २ च्या. सात पाती १५४० ते १५८० च्या दरम्यान एकेक करून हलली. तीन नंबर त्यांच्या आधी, एकटं, १५१८ ला. पट्टीला लंब दिशेत टोकाचा आयाम १.२ मिमी. पातं ३० अंशांत असल्याने प्रोबला त्याचा निम्माच भाग दिसतो, तो हिशेब धरून. शिखर फार अरुंद: १५-२० आरपीएम इकडेतिकडे झालं की अर्ध्यावर.

त्याच क्षणी बेअरिंगवर ०.५. १५१ हर्ट्झच्या आसपास गोंगाटातून जेमतेम डोकं काढणारी एक रेघ, जी मला ठाऊक होतं म्हणून दिसली.

यंत्र १५०० ला चालवायचं असेल तर निरोगी पाती अनुनादापासून ६० आरपीएम लांब आहेत. चीर पडली की पातं स्वतःच चालत्या वेगाकडे यायला लागतं. आरेखन करणाऱ्याने ठेवलेलं अंतर चीर हळूहळू खाते.

६ जुलै

आठ पाती सारखी नसतील तर एखादंच पातं बाकीच्यांच्या वाट्याचीही ऊर्जा घेऊन जास्त हलू शकतं. व्हाइटहेड यांनी १९६६ मध्ये त्याची वरची मर्यादा दिली: पात्यांच्या संख्येच्या वर्गमुळात एक मिळवून निम्मं. आठ पात्यांना १.९१ पट. आमचा हब जाड, पाती हबमार्फत एकमेकांशी फारसं बोलत नाहीत. दोन आणि चार नंबरच्या शिखरांत तीनच्या खाचेमुळे मोजण्याजोगा बदल नाही. पुढे जातो.

९ जुलै

लांब चाचणी. वेग १५०० ला धरून ठेवायचा, तीन नंबरच्या खाचेतून खरी चीर निघते का बघायचं. सहावी ऑर्डर १५० हर्ट्झ, म्हणजे तासाला ५ लाख ४० हजार आवर्तनं. गार्डसमोर कुणी उभं राहायचं नाही, दर अर्ध्या तासाने नोंद.

१०:२० ला सुरू. तीन नंबरचा आयाम ०.५ मिमी. बेअरिंग ०.५.

११:३० ला ०.८. बेअरिंग ०.५.

१२:१५ ला १.२. बेअरिंग ०.५. बंद करायचं का यावर माझी आणि प्रकल्पातल्या जोडीदाराची बाचाबाची झाली. चालू ठेवलं.

१३:०० ला ०.६.

इथे आम्ही दोघंही चुकलो. जोडीदार म्हणाला, बसलं वाटतं कुठेतरी, क्लॅम्प जुळला असेल. मलाही तेच हवं होतं. जेवून आलो, १३:४० ला ०.३, सकाळपेक्षाही कमी. वहीत मी "स्थिरावले" असं लिहिलंय, ते तसंच ठेवतोय.

मॅडमनी आलेख बघितला आणि पेन्सिलने त्याखाली अनुनादाचा डोंगर काढला, काही न बोलता. सकाळी पातं अनुनादाच्या वरच्या बाजूला होतं: १५१.७, आणि धक्का १५० चा. चीर वाढली, वारंवारता उतरली, पातं शिखरावर चढलं: १.२. चीर आणखी वाढली, पातं शिखराच्या पलीकडे उतरलं. आयाम कमी झाला कारण पातं आणखी बिघडलं. १४:०० ला यंत्र बंद केलं. थांबलेल्या पात्याला टिचकी: १४३.

सकाळपासून आयाम आधी वाढला, मग घटला; वारंवारता मात्र पूर्ण वेळ एकाच दिशेने गेली. आयामाचा रकाना वहीत राहू दे, पण त्याच्या आधी पात्यागणिक वारंवारतेचा रकाना हवा. आणि ती फिरत असताना मिळवायची असेल तर एका वेगाला बसून राहून भागणार नाही, दिवसातून एकदा तरी वेग वरखाली नेऊन शिखर कुठे सरकलं ते बघावं लागेल.

बेअरिंगचा रकाना: ०.५, ०.५, ०.५, ०.५, ०.५.

१० जुलै

तीन नंबरचं पातं काढलं. डाय पेनिट्रंट: लाल रंग लावला, दहा मिनिटं मुरू दिला, पुसला, पांढरा डेव्हलपर फवारला. पात्याच्या कडेवर करवतीच्या खाचेचं बोथट टोक दिसतं आणि त्याच्या पुढे केसासारखी लाल रेघ, भिंगाखाली मोजली तर ०.३ मिमी. एकूण खोली ०.८. वारंवारतेवरून उलटा हिशेब काल रात्री केला होता, तो पाऊण ते ०.८ मिमी सांगत होता.

काका पातं हातात घेऊन खिडकीकडे गेले, उजेडात धरलं, चष्मा वर केला. "हे चालू होतं?" म्हणाले. हो म्हटलं. पुढच्या वेळी बोलवा म्हणाले, गार्ड ५ मिमीचा करून देतो.

नवं तीन नंबर बसवलं, क्लॅम्प घासून. १५१. आठही बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने. पुढची खाच सहा नंबरला, ०.२५ मिमी, आणि यावेळी दर वीस मिनिटांनी वेग १४०० ते १५६० फिरवून.